हे म्हणणे खरे नाही की...

नमस्कार श्रोतेहो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि कथा लिहितो. कोर्ट कोणतं, ऑफिस कुठं, ते मात्र सांगणार नाही. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला आकाशवाणीवर बोलायची मोकळीक आहे, जाहिरातीची नाही!

'हे दोन्ही जमतं कसं?' असं लोक विचारतात. वेळेचं म्हणाल तर पहाटे पाच ते सात लिहायचं, अकराला बोर्डावर हजर. त्यात फारसं कौतुक नाही. आमच्या वऱ्हाडात तर हा जुनाच रिवाज आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८९७ साली एलएल.बी. झाले आणि पुढं खामगाव, जळगाव-जामोदला वकिली करत राहिले. 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' हे गीत त्यांचंच. १९२७ साली ते पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण मला आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख आला, आणि त्याचं नाव होतं 'साक्षीदार'. दुसरं काय असणार? उभा दिवस ज्यांच्या तोंडाकडे बघत जातो, तेच रात्री लेखणीत उतरणार.

साक्षीदाराचं एक सांगतो. उलटतपासात समोरच्या बाजूचा वकील विचारतो, साक्षीदार 'नाही' म्हणतो. पण कागदावर सहसा सवाल-जवाब येत नाहीत, साक्षीदाराच्याच तोंडी सलग मजकूर येतो. 'हे म्हणणे खरे नाही की, मी भावाला घरातून हाकलून दिले. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' जे घडलंच नाही असं तो शपथेवर सांगतो, ते सगळं त्याच्या नावावर तपशीलवार नोंदलेलं! एकाच वाक्यात दोन गोष्टी, आणि दोन्ही एकमेकींच्या उरावर बसलेल्या. कथा कशी लिहावी हे मला या वाक्यानं शिकवलं.

आणि जे कागदावर येत नाही, तेही. वाटणीच्या एका दाव्यात म्हाताऱ्या साक्षीदाराला विचारलं, आईच्या शेवटच्या आजारपणात कोण होतं जवळ? त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. समोर भाऊ बसला होता, त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, 'आठवत नाही.' कागदावर तेवढंच आलं. टोपी मी घरी घेऊन आलो.

ती साक्ष भर कोर्टात झाली होती, चारचौघांनी ऐकली होती. ऑफिसात दार लोटून अशील जे सांगतो, त्याची गोष्ट निराळी. ते त्याच्या संमतीशिवाय वकिलानं उघड करायचं नाही, असा कायदा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही. आणि लेखकाला नेमकी तीच गोष्ट खुणावते, हो!

एकदा मी घसरलो. एका अशिलाच्या घरातली गोष्ट दिवाळी अंकात लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, दोन मुलांच्या तीन मुली केल्या, कपाशीच्या जागी ऊस लावला. कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही, अशी माझी खात्री. पुढच्या तारखेला ते गृहस्थ आले. कागद दिले, फी दिली. जिना उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, 'वकीलसाहेब, आमच्या पाण्यात ऊस होत नाही.'

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? कायद्याच्या पुस्तकातून बचाव शोधला असता, तर बहुधा सापडलाही असता. ती कथा पुढं संग्रहात घेतली नाही.

ते आजही येतात. दावा अजून चालूच आहे. समोर बसतात, पिशवी मांडीवर घेतात आणि सांगायला लागायच्या आधी टेबलावरच्या माझ्या पेनाकडे बघतात. मी पेन खणात ठेवतो. मग ते बोलतात.