भूतघराचे दार उघडण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर महिना लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या भागात शेतांच्या कुंपणांवर काळ्या पाट्या दिसू लागतात. दिवसा जिथे लोक सफरचंदे तोडायला आणि भोपळे निवडायला येतात, त्याच शेतातले जुने लाकडी कोठार अंधार पडल्यावर भूतघर होते, वाळलेल्या मक्यातून काढलेल्या वाटांवर मुखवटे घातलेली माणसे दबा धरून बसतात, आणि ती आपल्याला घाबरवणार हे पुरते ठाऊक असूनही लोक तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, तास-तासभर रांगेत उभे राहतात. मी या प्रांतात वीस वर्षांहून अधिक काळ राहते आहे आणि पहिली काही वर्षे मला या प्रकाराचा अर्थच लागत नव्हता. भीती वाटली तर रामरक्षा म्हणायची, तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायचे नाही, अशा वळणात वाढलेल्या माणसाला पैसे मोजून भ्यायला जाणे विचित्र वाटणारच. आज मात्र मी दरवर्षी एकदा तरी जाते आणि आवडीने जाते. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे, की खोट्या भीतीची मजा खऱ्या विश्वासावर उभी असते, आणि तो विश्वास जिथे जपला जातो तिथेच आपण आपल्या मुलांना घेऊन जावे. त्याविषयीच मला आज बोलायचे आहे.

हॅलोवीन 31 ऑक्टोबरला येतो. त्याचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सुगीनंतरच्या जुन्या सणात सांगितले जाते. पिके घरात आली, दिवस लहान झाले, आता मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या जगातला पडदा विरळ होतो, अशी ती कल्पना. आपला पितृपक्षही याच्या थोडाच आधी येतो, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत आली आणि त्यांच्याबरोबर हा सणही आला. 1930 च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, या रात्री तरुण पोरांचा धुडगूस फार वाढला, तेव्हा त्यांना घरात गुंतवून ठेवण्यासाठी आईबापांनी आपापल्या तळघरांत अंधाऱ्या वाटा रचायला सुरुवात केली. पुढे 1970 च्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवाभावी संघटनेच्या गावोगावच्या शाखांनी समाजकार्याला निधी जमवण्यासाठी भूतघरे चालवली. आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांच्या गावी ज्या जेसीज शाखा आहेत, त्यांचीच ही अमेरिकेतली भावंडे. 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने ऑक्टोबरातल्या तीन रात्रींपुरता हा खेळ मांडला, तो आज अनेक आठवडे चालतो, आणि त्याचे पाहून इतर मोठी उद्यानेही यात उतरली.

भूतघरातली करामत मात्र यापेक्षाही जुनी आहे, आणि तिच्यात मला फार रस आहे. रात्रीच्या एस.टी.च्या खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारावर तरंगताना आपण सर्वांनी पाहिला आहे. आत उजेड, बाहेर काळोख आणि मध्ये साधी काच, एवढ्या तीन गोष्टींतून तो चेहरा तयार होतो. हेन्री डर्क्स या गृहस्थांनी याच तत्त्वावर रंगभूमीसाठी एक युक्ती सुचवली आणि जॉन हेन्री पेपर यांनी 1862 च्या नाताळात लंडनमध्ये ती प्रेक्षकांपुढे आणली. रंगमंचावर मोठी काच तिरपी उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नटाला उभे करून त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकायचा, की त्याचे प्रतिबिंब जिवंत पात्रांच्या मध्ये आरपार दिसणाऱ्या भुतासारखे उभे राहते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली उघडलेल्या भूतमहालात, लांबलचक दिवाणखान्यात नाचणारी जी भुते दिसतात, ती याच युक्तीची आहेत. शंभर वर्षांत दिवे बदलले, काच आहे तिथेच राहिली.

मक्याच्या शेतातल्या भूतघराला एवढी मोठी काच परवडत नाही, म्हणून तिथे माणसाच्या स्वभावाचा उपयोग केला जातो. वाट मुद्दाम नागमोडी असते, म्हणजे पुढच्या गटाचे काय झाले हे मागच्यांना दिसत नाही, फक्त किंकाळ्या ऐकू येतात. गट सहा-आठ जणांचा ठेवतात आणि दोन गटांत थोडे अंतर राखतात. डाव्या हाताला पाळण्यात काहीतरी हलताना दिसते, आपण वाकून पाहतो, आणि नेमका तेव्हाच उजव्या बाजूची फळी सरकून कुणीतरी कानाशी ओरडते. या धंद्यातल्या माणसांचा एक नियम मला फार आवडला. घाबरवायचे ते नेहमी मागून किंवा बाजूने, म्हणजे भ्यालेला माणूस पुढच्याच दिशेने पळतो. उलट फिरून मागच्या गटावर आदळत नाही. आणि शेवटच्या वळणावर यांत्रिक करवत घेऊन जो धावत येतो, त्याच्या करवतीची दातेरी साखळी आधीच काढून ठेवलेली असते. आपल्या अंगावर येतो तो केवळ इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास. हे मला आधीपासून माहीत आहे, तरीही तो आवाज सुरू झाला की माझे पाय माझे ऐकत नाहीत.

असे का होते, याचा डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी रीतसर अभ्यास केला आहे. तिथल्या एका भूतघरात त्यांनी 110 जणांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बांधली, जागोजागी कॅमेरे लावले आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाला किती भीती वाटली व किती मजा आली ते विचारले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते, की फार कमी भ्यालेल्यांना कंटाळा आला, फार भ्यालेल्यांना त्रास झाला, आणि सर्वांत अधिक आनंद मधल्या मापाला मिळाला. जेवणातल्या तिखटासारखेच हे आहे, आणि तिखटासारखेच प्रत्येकाचे माप निराळे आहे. एवढे लक्षात ठेवले तर धाकट्या मुलाला हाताला धरून ओढत नेणाऱ्या आणि त्याच्या रडण्याला हसणाऱ्या मोठ्या माणसांना आपली चूक कळेल.

ती चूक मी स्वतः केली आहे. पाच वर्षांपूर्वी माझी भाची नऊ वर्षांची होती. मोठ्यांसाठीच्या भूतघरात मला नेच, म्हणून तिने आठवडाभर माझी पाठ सोडली नाही, आणि बारा वर्षांखालील मुलांना नेऊ नये अशी सूचना दारावर लिहिलेली असूनही मी तिचे ऐकले. पहिल्या दोन खोल्यांत ती खिदळत होती. तिसऱ्या खोलीत डॉक्टरचा रक्ताळलेला अंगरखा घातलेला एक उंच माणूस पलंगाआडून उठला, आणि तिचे हसणे एकदम थांबले. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने माझा हात सोडला आणि भिंतीला पाठ लावून ती नुसती उभी राहिली. तिला काय झाले आहे हे माझ्या आधी त्या माणसाला कळले. तो दोन पावले मागे सरला, गुडघ्यावर बसला, मुखवटा कपाळावर चढवला आणि अगदी हलक्या आवाजात त्याने तिला स्वतःचे नाव सांगितले. मुखवट्याखालून घामाने भिजलेला, जेमतेम विशीतला एक मुलगा निघाला. त्याने हातातली विजेरी दोनदा उघडमीट केली, तशी आतल्या बाजूचा ढोल-धडाका थांबला, काळ्या पडद्यामागचे एक दार उघडले आणि आम्ही दहा पावलांत मोकळ्या हवेत आलो. बाहेर गवताच्या पेंडीवर बसून तिने गरम सफरचंदाचा रस घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, त्याला आत उकडत नसेल का?"

त्या मुलाला कुणीतरी हे शिकवले होते. भेदरलेले मूल कसे ओळखावे, कुठे थांबावे, कोणते दार कुठे उघडते, याची त्याच्याकडून तालीम करून घेतली होती. ही तालीम झालेली आहे की नाही हे तिकिटावर लिहिलेले नसते, पण रांगेत उभे असताना थोडे लक्ष दिले तर ते ओळखता येते. आत सोडण्यापूर्वी कुणी नियम सांगते का, नट अंगाला हात लावतील की नाही हे स्पष्ट करते का, लखलखणाऱ्या दिव्यांविषयी सूचना आहे का (अपस्माराचा त्रास असणाऱ्यांसाठी ती अत्यंत महत्त्वाची आहे), आणि मध्येच बाहेर पडायचे असल्यास काय म्हणायचे ते सांगतात का, एवढे पाहावे. आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती मी कधीही सोडत नाही. ती म्हणजे बाहेर पडण्याची दारे.

याचे कारण आमच्याच राज्यात घडले आहे. 11 मे 1984 च्या संध्याकाळी जॅक्सन येथल्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानातल्या भूतवाड्याला आग लागली. हॅलोवीनचे दिवस नव्हते, साधी वसंतातली संध्याकाळ होती. तो वाडा म्हणजे ट्रकला जोडतात तशा मालवाहू डब्यांना एकमेकांशी जोडून केलेली अंधारी वाट होती, भिंतींना काही ठिकाणी फोम लावलेला होता, आणि आग लागताच छतातून पाणी सोडणारी यंत्रणा तिथे नव्हती. आठ तरुण मुले त्यात गेली. भूतघराची जी वैशिष्ट्ये आपल्याला मजा देतात, म्हणजे अंधार, धूर, फसव्या भिंती, कर्कश आवाज आणि न सापडणारी वाट, तीच धूर खरा झाल्यावर प्राणघातक ठरतात. त्या घटनेनंतर नियम कडक झाले. आता अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मानल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा संहितेनुसार अशा वास्तूत पाण्याचे फवारे हवेत, आणि धुराची खूण मिळताच गोंधळात टाकणारे आवाज व देखावे आपोआप बंद होऊन लख्ख दिवे लागले पाहिजेत. आजच्या भूतघरातला सगळा अंधार एका क्षणात उजेड होण्याच्या तयारीने उभा असतो, आणि त्या तयारीची किंमत आठ घरांनी मोजलेली आहे.

म्हणूनच एका वर्षी एका लहानशा ठिकाणी आत शिरताच आपत्कालीन दारापुढे खोक्यांची चळत रचलेली दिसली, तेव्हा मी तिथूनच परत फिरले. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत आणि बरोबरच्या मंडळींचा थोडा हिरमोड झाला, पण त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

आता मी ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाते, त्याविषयी थोडे सविस्तर सांगते. फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा एक जुना तुरुंग आहे. किल्ल्यासारख्या तीस फूट उंच भिंती, आणि मधल्या गोलापासून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर गेलेल्या कोठड्यांच्या रांगा, अशी त्याची रचना आहे. 1829 साली तो सुरू झाला तो एका सद्भावनेने. कैद्याला मारहाण नको, त्याला एकांत द्यावा, म्हणजे तो आपल्या कृत्याचा विचार करील आणि त्याला पश्चात्ताप होईल, असे त्यामागच्या धर्मशील माणसांना मनापासून वाटत होते. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, मागे भिंतींनी वेढलेले इवलेसे अंगण, आणि छताला आकाशाचा एक तुकडा दाखवणारा झरोका दिला होता. कोठडीबाहेर नेताना डोक्यावर टोपडे घालत, म्हणजे त्याने कुणाला पाहू नये आणि कुणी त्याला पाहू नये. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये तिथे येऊन गेले आणि त्यांनी लिहिले, की मेंदूशी रोज संथपणे चालणारी ही छेडछाड शरीराच्या कोणत्याही छळाहून वाईट आहे. तरीही ती पद्धत अधिकृतपणे सोडायला 1913 साल उजाडले. तुरुंग 1971 मध्ये बंद पडला, कोठड्यांत झाडे उगवली, छपरे खचली. 1991 पासून त्या पडक्या वास्तूच्या जतनासाठी पैसा उभा करावा म्हणून हॅलोवीनच्या सुमारास तिथे भीतीचे खेळ सुरू झाले, ते वाढत गेले, आणि 2021 पासून ते नव्या रूपात होतात. रात्रीच्या किंकाळ्यांच्या पैशातून दिवसा भिंती सावरल्या जातात.

जिथे माणसांनी खरोखर यातना भोगल्या तिथे भुताचा खेळ मांडावा का, हा प्रश्न मला तिथे प्रत्येक वेळी पडतो. तो खेळ नसता तर ती वास्तू उभी राहिली असती का, हेही मी स्वतःला विचारते. मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे. त्या जागी रात्री जायचे तर आधी एकदा दिवसा जायचे. दिवसा तिथे कानाला लावायचे यंत्र मिळते आणि त्यातून तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांचे व कैद्यांचे स्वतःचे आवाज ऐकू येतात. ते आवाज ऐकत कोठडीच्या दारात उभे राहिले की भिंतीचे सोललेले पापुद्रे, गंजलेली खाट, आणि जमिनीवर पडलेला झरोक्याचा पांढरा कवडसा एवढेच समोर असते. मी एकदा त्या कवडशाकडे पाहत बराच वेळ उभी होते, तो हातभर सरकला. आत राहणाऱ्या माणसाला दिवसभरात हलताना दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती. बाहेरच्या अंगणात पोलादाचा सोळा फुटी आलेख उभा केला आहे, त्यात अमेरिकेतल्या कैद्यांचे प्रमाण दशकानुदशके कसे चढत गेले ते दाखवले आहे. शेवटच्या खांबाच्या टोकाकडे पाहायला मान वर करावी लागते.

भाची यंदा चौदा वर्षांची आहे. या शनिवारी आम्ही दोघी फिलाडेल्फियाला जाणार आहोत, आणि या वेळी तिकिटे तिने काढली आहेत. रात्रीच्या खेळाला साडेसातची वेळ मिळाली, असे तिने मला फोनवर कळवले. त्याच दिवशीच्या दुपारच्या फेरीची दोन तिकिटे तिने त्याआधीच काढून ठेवली होती.

नमस्कार.