छायाचित्राखालची बारीक अक्षरे

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली आणि पहाटे खिडकी लावून घ्यावीशी वाटू लागली, की पुण्यात तुळशीबागेच्या आसपास लोकरीच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागते. त्या गर्दीत मीही कित्येक वर्षे उभी राहत आले आहे. विणकामाचा छंद असणाऱ्या माणसाला दोन मोह आवरत नाहीत. एक म्हणजे रंग पाहून लोकर घेणे आणि दुसरा म्हणजे छायाचित्र पाहून नमुन्यांचे मासिक घेणे. या दोन्ही मोहांपायी घरात साठलेल्या अर्धवट स्वेटरांच्या आधारावरच मी आज आपल्याशी बोलते आहे.

आधी लोकरीविषयी. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. काउंटरवर ‘बेबी वूल’ म्हणून जे मऊ, गुबगुबीत गुंडे ठेवलेले असतात, त्यांतले बरेचसे मेंढीच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नसतात. ते असते ॲक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला धागा. ॲक्रिलिक वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ते स्वस्त असते, त्याला कसर लागत नाही आणि वारंवार धुतले तरी ते आटत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या स्वेटरसाठी मी आजही तेच घेते. मात्र ते उष्णतेने मऊ पडते आणि विस्तवाजवळ वितळते. ज्या घरी बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक आणि धुरी देण्याची पद्धत अजून पाळली जाते, तिथे बाळंतविड्यासाठी ॲक्रिलिकची कुंची विणून देणे मला धोक्याचे वाटते. लेबलावर विश्वास नसेल, तर धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते आणि मागे उरलेली राख बोटाने चुरडता येते. ॲक्रिलिक मात्र वितळत जळते आणि शेवटी त्याचा कडक मणी होतो.

खऱ्या लोकरीतही जातीजातीचा फरक असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. धनगरांच्या घोंगडीला तोच राठपणा टिकाऊ बनवतो, पण ती गळ्याशी चालणार नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात, तर मेरिनो मेंढीचे तंतू सामान्यतः १८ ते २४ मायक्रॉनांचे असतात, म्हणून ती मऊ लागते. दुकानात लोकर तळहाताने चाचपण्यात अर्थ नाही, कारण तळहात निबर झालेला असतो. गुंडा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहतो, ते सोसावे.

मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांना लोकरीपेक्षा सूत अधिक उपयोगी. सुती धाग्याची टोपडी आणि झबली घाम टिपतात आणि निर्धास्त धुता येतात. पण सुताला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते. सुती स्वेटर स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो, आणि दोन सुलट दोन उलट घालून केलेली त्याची किनार दहा-बारा धुण्यांत सैल पडते. म्हणून लोकरीसाठी दिलेला नमुना सुतात जसाच्या तसा विणू नये. बारीक सुई घ्यावी आणि लांबी थोडी कमी धरावी.

आता मासिकांकडे येते. आमच्या पिढीने विणकाम शिकले ते आई-मावशीकडून, पण नमुने घेतले ते मासिकांतून. थंडीच्या तोंडावर हिंदी स्त्री-मासिकांचे बुनाई विशेषांक येत, आणि ‘फंदे’ म्हणजे टाके, ‘सलाई’ म्हणजे सुई, एवढे कळले की मराठी बाईचे काम भागत असे. १९११ साली सुरू झालेले ‘वुमन्स वीकली’ हे इंग्रजी साप्ताहिक त्यातल्या विणकामाच्या नमुन्यांसाठी प्रसिद्ध होते. त्याचे जुने अंक मी रद्दीच्या दुकानांतून वेचून आणले आहेत. पुढे अमेरिकी आणि जपानी अंकही हाती लागले.

हे सारे चाळून माझे एक मत बनले आहे: मासिक निवडताना छायाचित्राचे पान शेवटी पाहावे. आधी शोधावी ती बारीक अक्षरांतली एक ओळ, जी सांगते की १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसल्या पाहिजेत. अमेरिकी अंकांत तिला ‘गेज’ म्हणतात आणि ब्रिटिश अंकांत ‘टेन्शन’. हा दुसरा शब्द वाचून आपण हसतो खरे, पण ती ओळ नसली की टेन्शन खरोखरच सुरू होते. आपल्याकडच्या अनेक विशेषांकांत केवळ ‘लोकर ४०० ग्रॅम, सुया १० नंबर’ एवढेच छापलेले असते. आपला हात सैल की घट्ट, लोकर जाड की बारीक, याचा पत्ता नसतो. समजा, नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले आहेत आणि छातीच्या १०० सेंटिमीटर घेरासाठी २२० टाके घालायचे आहेत. आपल्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २० टाकेच बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर भरतात. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर नवऱ्याऐवजी त्याच्या थोरल्या भावाला जातो. दुसरी गोष्ट पाहावी ती मापांची आकृती. पाठ, बाही, मुंढा, गळा यांची विणून झाल्यावरची मापे ज्या अंकात रेखाटून दिलेली असतात, तो अंक साध्या कागदावर छापलेला असला तरी मी घेते.

सुयांच्या क्रमांकांनी मला एकदा चांगलेच फसवले. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर रुळले आहेत. त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते, म्हणजे ८ नंबर ४ मिलिमीटरची आणि १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी पद्धत याच्या बरोबर उलट आहे. तिथे ८ नंबर ५ मिलिमीटरची आणि १० नंबर ६ मिलिमीटरची असते. अमेरिकी अंकातली शाल मी आपल्या १० नंबरवर विणली. ती उबदार झाली, पण कडक इतकी की तिचा उपयोग पुढे आसन म्हणून झाला. क्रोशातही अशीच गल्लत होते. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, तो अमेरिकी अंकात ‘सिंगल क्रोशे’ असतो आणि ब्रिटिश अंकात ‘डबल क्रोशे’. म्हणून अंक कुठे छापला आहे, हे आधी पाहून घ्यावे. जपानी अंकांत या भानगडी कमी, कारण तिथला नमुना चौकटींतल्या खुणांनी मांडलेला असतो आणि सुईचे माप शेजारी मिलिमीटरमध्येही बहुधा दिलेले असते. अक्षर ओळखता आले नाही तरी जाळीचा नमुना सहज विणता येतो.

काही मासिके सूतगिरण्याच काढतात. यॉर्कशायरच्या रोवन या कंपनीचे मासिक त्यांपैकी एक आहे. अशा अंकांतले नमुने देखणे असतात, पण ते त्या कंपनीच्या धाग्यावरच बेतलेले असतात आणि तो धागा आपल्या बाजारात बहुधा नसतो. पर्याय शोधताना वजनावर जाऊ नये, लांबीवर जावे. नमुन्याला ५० ग्रॅमचे, प्रत्येकी १२० मीटरचे १० गुंडे हवे असतील, तर एकूण १,२०० मीटर धागा लागतो. आपल्याला मिळालेल्या १०० ग्रॅमच्या गुंड्यात २०० मीटर असतील, तर ५ नव्हे, ६ गुंडे घ्यावे लागतील. प्लायच्या आकड्यावरही विसंबू नये, कारण तो पदर मोजतो, जाडी नाही. फूटपट्टीवर धागा एकमेकांना खेटून, न ताणता गुंडाळावा. एका इंचात ११ च्या आसपास वेढे बसले तर तो ‘डबल निटिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मध्यम जाडीचा आणि १४ च्या आसपास बसले तर त्याहून बारीक, ज्याला ‘चार प्लाय’ म्हणतात त्या जाडीचा समजावा.

सुट्या लडीवर मात्र मीटर लिहिलेले नसतात. तेव्हा मी १० सेंटिमीटरचा चौकोन विणते आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून घेते. मागच्या वर्षी असा तुकडा साडेचार ग्रॅम भरला. मापांच्या आकृतीवरून पाठ, पुढा आणि बाह्या मिळून असे ९० चौकोन होत होते, म्हणजे ४०५ ग्रॅम लोकर. सराफांनी सोन्याच्या काट्यावर लोकर तोलण्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

लोकर घेताना प्रत्येक लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक, सारखा आहे ना, तेवढे पाहावे आणि हिशेबापेक्षा एक गुंडा जास्त घ्यावा. भाच्याच्या निळ्या स्वेटरची एक बाही मी दुसऱ्या लॉटमध्ये विणली. संध्याकाळी दिव्याखाली रंग जुळला होता. सकाळी अंगणात त्याने हात वर केले, तेव्हा एक बाही आकाशाची आणि दुसरी शाईची निघाली. तो स्वेटर त्याने दोन हिवाळे घातला. ती बाही उसवून मी अजून ठेवली आहे, आणि यंदा तिच्यातून एका बाळाचे टोपडे आणि पायमोजे होणार आहेत.