तेरवाडचा बंधारा आणि दोन बाटल्या

समोर दिसतो तो शिरोळ तालुक्यातला, पंचगंगेवरचा तेरवाड बंधारा. खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यायचे, ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रीत. उन्हाळ्यात बरग्यांमागे पाणी तुंबते, त्यावर जलपर्णी पसरते, आणि मैला व रसायने मिसळलेले पाणी वरून येऊन थांबले की त्यातला प्राणवायू संपत जातो. मग मासे तोंड पाण्याबाहेर काढून काठाशी येऊ लागतात.

[निवेदन थांबते. काठावरची दृश्ये, मूळ आवाजासह.]

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीहून निघते. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानली जाते. कोल्हापुरात पंचगंगेला शहराचे सांडपाणी घेऊन जयंती नाला मिळतो आणि इचलकरंजीपाशी कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी आणणारा काळा ओढा. हे नाव कोणा कार्यकर्त्याने दिलेले नाही, गावच त्याला तसे म्हणते. दूषित पाण्यामुळे २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली.

यावर कायदा नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला, म्हणजे संसदेच्या १९७४ च्या कायद्याआधी पाच वर्षे. पुढे १९८१ मध्ये राज्याने केंद्राचा कायदा स्वीकारला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदाही आला.

आता या बाटलीकडे पाहा. बंधाऱ्यावरून दोरीने सोडलेल्या बादलीतले पाणी तीत भरले, बूच घट्ट बसवले, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहिली आणि पंचनाम्यावर सह्या झाल्या. हा नमुना नदी खराब झाली आहे एवढे सांगेल. ती कोणी खराब केली, हे त्याला सांगता येणार नाही. एखाद्या कारखान्याविरुद्ध न्यायालयात उभे राहायचे, तर १९७४ च्या कायद्याचे एकविसावे कलम पाळावे लागते. नमुना घेत असल्याची नोटीस कारखान्याच्या ताबेदाराला, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला, तिथेच द्यायची, त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर दोघांनी सह्या करायच्या आणि एक बाटली प्रयोगशाळेला पाठवायची. दुसरी ताबेदाराने मागणी केल्यास दुसऱ्या तपासणीसाठी. ताबेदार मुद्दाम गैरहजर राहिला, तर काय करायचे हेही कलमात दिले आहे, परंतु विहित पद्धत चुकली की तपासणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. निरपराध्याला संरक्षण हवेच. मात्र ही सगळी शिस्त दिवसाढवळ्या, दारावर जीप उभी करून पाळायची असते, आणि सांडपाणी सोडणारा वेळ स्वतः निवडतो.

पुरावा हाती लागला तरी शिक्षेची धार आता बोथट होते आहे. प्रवाहात दूषित द्रव्य सोडण्याबद्दल या कायद्यात आधी दीड ते सहा वर्षांचा तुरुंगवास होता. २०२४ च्या दुरुस्तीने त्याऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. पाणी हा राज्यसूचीतला विषय असल्याने इतर राज्यांना ती ठराव करूनच स्वीकारता येते. ठराव करण्याआधी सभागृहाने या बंधाऱ्यावर एक सकाळ काढावी, असे आम्हाला वाटते.

शेवटच्या दृश्यात माणसे बरगे उचलत आहेत. अडलेले काळसर पाणी फेसाळत खाली उतरते आणि नृसिंहवाडीकडे, कृष्णेच्या संगमाकडे निघते. चिठ्ठी लावलेली बाटली जीपमध्ये ठेवली आहे. प्रयोगशाळेत तिचे बूच उघडेल, तेव्हा ज्या पाण्याचा तो नमुना आहे ते पाणी इथे नसेल.