मोरपंखीच्या गळ्यातली तार

श्रोतेहो, नमस्कार. मोरपंखी, सायकस, चीड अशा झाडांचे बी फळात झाकलेले नसते. म्हणून त्यांना अनावृत्तबीजी म्हणतात. त्यांच्या खोडात अन्न वाहून नेणाऱ्या पेशी कशा घडतात, हा आजचा विषय आहे. पण आधी माझीच एक चूक सांगतो.

अमळनेरच्या आमच्या अंगणात एक मोरपंखी होती. कडुनिंबाची जागा मोरपंखीला देण्याची हौस मला आजही पटत नाही, पण ती वडिलांनी लावलेली होती. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आणि तरीही धुणे वाळत घालण्यासाठी तिच्या खोडाला लोखंडी तारेचा वेढा मीच घट्ट आवळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तार सालीत रुतली, तारेच्या वर मुठीएवढा फुगवटा आला आणि खालचे खोड मात्र होते तेवढेच राहिले. पाने हिरवीगार असल्यामुळे मी निश्चिंत होतो. शेजारच्या आजी बिबड्या वाळत घालता घालता म्हणाल्या, "भाऊ, झाडना गयाले फास लागी गया." मी हसलो. पुढच्या उन्हाळ्यात झाड तांबूस पडू लागले, तेव्हा ते तोडावे लागले. ते अजून पुरते वाळले नव्हते, म्हणून चाकूने साल सोलून पाहिली. फुगवट्याजवळ सालीच्या आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखा फिकट, ओलसर थर निघाला. तारेखाली तोच थर चेपून काळपट झाला होता.

अन्न याच पापुद्र्यातून उतरते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा विभागणाऱ्या पेशींचा थर असतो. त्यातून आत पडलेल्या पेशींचे लाकूड होते, बाहेर पडलेल्यांतून अन्नवाहक थर बनतो. आत लाकूड, बाहेर अन्नवाहक थर, एवढे ध्यानात ठेवावे. बाहेरची लांबट पेशी घडू लागली की तिची भित्ती जाड होते, रिक्तिकेचे, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीचे, आवरण विरते, केंद्रक आक्रसून निकामी होते, आणि शेजारणीशी जोडणाऱ्या सूक्ष्म धाग्यांच्या जागी छिद्रांचे पुंजके पडतात. ही चाळणीपेशी. केंद्रक गेले तरी ती जिवंत असते. आंब्यात, कडुनिंबात अशा पेशी टोकाला टोक लावून नळी बनवतात. मोरपंखीत तशी नळी नसते, निमुळती टोके एकमेकींवर चढलेली असतात.

केंद्रकाविना ती जगते कशी? आंब्यात तिला सांभाळणारी सहपेशी एकाच मातृपेशीतून जन्मलेली, म्हणजे सख्खी बहीण असते. मोरपंखीच्या कुळात हे काम करणारी पेशी बहीण नसून शेजारीण असते, आणि जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी तिचे वर्णन 1891 मध्ये केल्यामुळे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. चाळणीपेशी मेली की ही शेजारीणही मरते.

जुना थर निकामी होऊन बाहेर ढकलला जातो आणि ऊतककर नवा थर घडवत राहतो. पण माझ्या तारेखाली नव्या थराला जागाच उरली नव्हती. साखर वर अडकून फुगवटा आला. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतच राहिले, म्हणून मुळे उपाशी असतानाही पाने कितीतरी दिवस हिरवी दिसत होती.