दार बंद झाल्यावर

लॅच लागलं. लिफ्टचा आवाज खाली गेला. चार किलोचा पॉमेरेनियन दाराच्या फटीला नाक लावून उभा आहे. आधी बारीक कुंई कुंई, मग भुंकणं, मग पंजांनी दार खरवडणं. फरशीवर लाळेचे थेंब पडलेत. एरवी ज्याच्यासाठी तो मागच्या पायांवर नाचतो, ते चिकन वाटीत तसंच आहे.

संध्याकाळी पायपुसण्यावर शू दिसते, दाराचं पॉलिश उडालेलं दिसतं, आणि घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतो हा, राग काढतो.’ हा राग नाही, भीती आहे. कान पाडून तो कोपऱ्यात जातो तेही चूक कळली म्हणून नव्हे, आपला चढलेला आवाज त्याला कळतो म्हणून. तेव्हा ओरडलं, तर एकटेपणाच्या भीतीत आपल्या परत येण्याची भीतीही मिसळते.

आधी जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावा. एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याचा त्रास बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. दोन तास झोपून मग चप्पल चावणारा कुत्रा बहुधा कंटाळलेला असतो. त्याला जास्त फिरवा, खाऊ लपवून शोधायला लावा. घाबरलेल्याचं तेवढ्याने भागत नाही.

त्याची भीती दार लागण्याच्या बरीच आधी, किल्ल्या वाजल्या की सुरू होते. म्हणून किल्ल्या उचला, परत ठेवा आणि चहा टाकायला जा. चपला घालून सोफ्यावर बसा. दिवसातून आठ-दहा वेळा. काही दिवसांनी तो मानही वर करत नाही.

मग दार. नुसती कडी हलवा. दार उघडून आतूनच लावा. नंतर बाहेर पाऊल आणि तीन सेकंदांत परत. वेळ सरळ चढवत नेऊ नका; पाच, दहा, तीन, पंधरा, सात असा वरखाली ठेवा. मोबाइलवर त्याच्याकडे लक्ष असू द्या. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, ही भुंकण्याआधीची भाषा आहे. ती दिसण्याआधीच आत यायचं. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं सराव पुरे. पहिला अर्धा तास गाठायला आठवडे लागतात, कधी महिने. पुढची वाढ बहुधा लवकर होते.

सगळं बिघडतं ते एका ठिकाणी. सकाळी वीस सेकंदांचा सराव, आणि नंतर ऑफिससाठी नऊ तास बाहेर. असं झालं की सकाळची मेहनत वाया जाते. सराव चालू आहे तोवर त्याला सोसवेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. आजी, शेजारच्या काकू, डे-केअर, जे जमेल ते. हे अवघड आहे, पण याला पर्याय नाही. पिंजऱ्यात कोंडणं तर नकोच; सुटायच्या धडपडीत दात तुटतात, नखं उखडतात.

त्रास अचानक सुरू झाला किंवा उचलताना तो चावू लागला, तर आधी पशुवैद्यांकडून दात आणि गुडघे तपासून घ्या. छोट्या जातींत हिरड्यांचे आजार आणि गुडघ्याची वाटी सरकणं नेहमीचं आहे. भीती फार असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन अशी भीती कमी करणारी औषधं देतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून कधीही देऊ नका. सुरू केलेलं औषध एकदम थांबवूही नका. ते हळूहळू कसं कमी करायचं, तेही डॉक्टरच ठरवतात.