मीठ, 1400 किलोमीटर खाली

(दृश्य: ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाडा. सकाळ.)

या रस्त्याचं नावच मीठबंदर रोड. ओट्यावर मावशी सुरमईच्या तुकड्यांना जाडं मीठ चोळतायत. आम्ही एक खडा मागितला.

"एक कशाला? मूठभर घे ना बाला!"

(दृश्य: भिंगाखाली मिठाचा खडा.)

कडा बघा, काटकोनात. आत एक सोडियम, एक क्लोरीन, पुन्हा एक सोडियम. एकाने इलेक्ट्रॉन द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. शाळेपासून पाठ असलेला हिशेब.

आता हा खडा खाली नेऊ. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जेवढं जातो, साधारण तेवढं, पण सरळ जमिनीत. तिथे दाब आपल्या हवेच्या 6 लाख पट.

एवढ्या खोल माणूस गेलेला नाही. म्हणून तो दाब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तयार करतात. सुई टोचते, बोट टोचत नाही, युक्ती तीच. स्क्रू हाताने आवळायचे, पण सगळा जोर येतो केसाच्या जाडीएवढ्या टोकावर. हिरा पारदर्शक, त्यामुळे आतला नमुना लेझरने तापवता येतो आणि क्ष-किरणांनी तपासताही येतो.

2013 साली अशाच चिमटीत मिठाबरोबर जादा क्लोरीन घातला. एका सोडियममागे तीन क्लोरीन असलेलं संयुग मिळालं! जादा सोडियम घातलं, तर तीन सोडियममागे एक क्लोरीन. शास्त्रज्ञ आर्तेम ओगानोव यांच्या गटाने हे आधी गणिताने सांगितलं होतं.

असं का होतं? इथे वर अणू ऐसपैस राहतात. तिथे जागेचीच टंचाई. कमी जागेत मावेल ती मांडणी टिकते, मग ती संयुजेच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या त्या देण्याघेण्याच्या, नियमात बसो वा न बसो. कुणाशीच सोयरीक न करणारा हेलियमसुद्धा 11 लाख पट दाबाला सोडियमशी संयुग करतो.

आणि खुद्द सोडियम? रॉकेलात बुडवून ठेवलेला, चाकूने कापला की चांदीसारखा चमकणारा. 20 लाख पट दाबाला तो काचेसारखा आरपार दिसू लागतो. इलेक्ट्रॉन अणूंमधल्या फटींत अडकतात, वीज वाहणं थांबतं. धातू धातूच राहत नाही! हे 2009 साली प्रयोगात दिसलं. मी ते छायाचित्र कितीतरी वेळ बघत राहिलो होतो.

आवर्तसारणीत सोडियमच्याच स्तंभात, सगळ्यात वर, हायड्रोजन आहे. त्याचं नेमकं उलटं होतं. दाबाखाली तो धातू होईल, असं भौतिकशास्त्रज्ञ विग्नर आणि हंटिंग्टन यांनी 1935 मध्येच मांडलं.

(दृश्य: रात्र. खाडीवर गुरू.)

गुरूच्या पोटात हाच हायड्रोजन द्रव धातू होऊन घुसळतोय, आणि त्यातूनच गुरूचं अफाट चुंबकीय क्षेत्र उभं राहतं.