लेआउटवरचा रस्ता काळा नसतो

मंडळी, मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या गाड्यांसाठी मांडलेल्या देखाव्यात, ‘रस्त्यासाठी कोणतं साहित्य निवडावं’ असा विषय जाहीर झालाय. साहित्याकडे येतोच, पण रंगाचा प्रश्न आधी मिटवू. उत्तम रूळ, उत्तम सिग्नल, आणि शेजारून जाणारा रस्ता कोळशासारखा काळा! असे लेआउट बघितले की जीव हळहळतो.

डांबर काळं असतं ते नवं असताना. गाड्या धावू लागल्या की खडीवरचा डांबराचा थर झिजतो आणि दगड उघडा पडतो. आपल्याकडे खडी बेसाल्टची, म्हणून जुना रस्ता करडा दिसतो. चाकं जिथून जातात ते दोन पट्टे फिकट असतात. त्यांच्या मधे तेल ठिबकतं, तो भाग थोडा गडद. कडेला साइडपट्टीवरचा मुरूम पसरून तांबूस झाक येते. हसू नका, परत जाताना कोणत्याही राज्य महामार्गावर थांबून बघा. त्यात १:८७ चं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो, म्हणजे खऱ्या मापात चाळीस-पन्नास मीटरवरून. तेवढ्या अंतरावर रंग आणखी फिका होतो. म्हणून पांढऱ्या रंगात थोडा थोडा काळा मिसळत जा. काळ्यात पांढरा ओतायला गेलात तर बाटली संपते, करडा काही येत नाही. नुसत्या काळ्या-पांढऱ्याला निळसर छटा येते, ती मारायला चिमूटभर तपकिरी टाका.

आणि पॉलिश पेपर! रस्ता म्हणून तो चिकटवायचा सल्ला सर्रास दिला जातो. १२० नंबरच्या कागदाचा कण साधारण ०.१२ मिमी, म्हणजे खऱ्या मापात सेंटिमीटरभर. हिशेबाने खडीचं माप जुळतं, पण डोळ्याला रस्ता खरखरीतच दिसतो. शिवाय कागद संपला की सांधा आला. सगळ्यात वाईट म्हणजे सुटलेले कण इंजिनाच्या गिअरमध्ये जातात आणि दात झिजवतात. रुळाजवळ तो लावूच नका.

वेळ संपत आलीय, तेव्हा साहित्य भराभर सांगतो.

माप आधी: दोन पदरी ७ मीटरचा रस्ता १:८७ मध्ये ८० मिमी, १:१६० मध्ये ४४. लेआउटवर जागा नसेल तर पदर अरुंद करण्यापेक्षा ३.७५ मीटरचा एकपदरी करा, ४३ मिमीत बसतो.

सपाट रस्त्याला पीओपी. प्लायवर आधी पातळ फेविकॉलचा हात द्या, नाहीतर लाकूड पाणी ओढून घेतं आणि थर भुसभुशीत होऊन सुटतो. दोन्ही कडांना २ मिमीच्या फोम टेपचे बांध घाला. पाण्यात थोडा काळा पोस्टर रंग मिसळून मग त्यात पावडर सोडा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आत पांढरं दिसणार नाही. रंग जास्त झाला तर पीओपी कमजोर होतं. पट्टीने ओढताना मधे पाऊण मिमी उंच ठेवा, पाणी निघून जाण्याचा उतार तेवढाच असतो. रात्रभर वाळवा, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासा.

चढ-वळणाला २ मिमी फोम शीट. तडे रिकाम्या बॉलपेनने दाबून काढा. खाली थर्मोकोल असेल तर सॉल्व्हंटचा डिंक वापरू नका, थर्मोकोल विरघळतं.

रेल्वे फाटकात रुळांमधे मात्र ओलं काही नको, स्टायरीनची (प्लास्टिकची) पट्टीच. रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत; कोड १०० रूळ अडीच मिमी उंच, म्हणून पट्टी २ मिमी जाड. कोड ८३ ला दीड पुरे. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी; दोन्ही बाजूंना चाकाच्या कडेसाठी जागा सोडून रुंदी १३.५ मिमी. रूळ धरणाऱ्या खिळ्यांवर पट्टी चढू नये म्हणून खालची धार तासा. पट्टी रुळापेक्षा खाली राहिली की रूळ पुसताना रंगही खरवडत नाही. चिकटवण्याआधी ज्याचा कपलर (डबे जोडणारा आकडा) सगळ्यात खाली लोंबतो तो डबा हाताने ढकलून बघा. अडला तर पट्टी काढून घासा, रंग त्यानंतर.